१५ फेब्रुवारीच्या आत

महाराष्ट्रात आगीचा हंगाम कागदावर १५ फेब्रुवारी ते १५ जून असतो. प्रशिक्षण शाळेतून नुकत्याच बीटवर, म्हणजे त्याच्या राखणीतल्या जंगलाच्या तुकड्यावर, आलेल्या वनरक्षकाला वाटतं, आगीचं काम १५ फेब्रुवारीला सुरू होणार. मलाही तसंच वाटलं होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सागाच्या जंगलात मी दहा वर्षं बीट सांभाळलं, आता अशा काही बीटांवर देखरेख करणारी वनपाल आहे, आणि दर हिवाळ्यात नव्या पोरापोरींना एकच सांगते: त्या तारखेला तुमचं शिक्षण संपलेलं असलं पाहिजे. आग शिकायची ती थंडीत, जंगलात मुद्दाम राखलेल्या पट्टीवर, म्हणजे जाळरेषेवर, आपण स्वतः लावलेल्या आगीत. एप्रिलच्या दुपारी टेकडी पेटलेली असताना कोणी कोणाला शिकवत नाही, तेव्हा नुसती ओरडाओरड असते.

शाळेला मी नावं ठेवत नाही. चिखलदरा, पाल, शहापूर इथे वनरक्षकांना आणि चंद्रपूर, कुंडलच्या अकादम्यांत वरच्या हुद्द्यांना जे शिकवतात, त्यातला कायदा, मोजणी, नकाशा आयुष्यभर उपयोगी पडतो. आगीचा त्रिकोणही शिकवतात: इंधन, हवा, उष्णता, यातलं एक काढा, आग मरते. पण फळ्यावरच्या त्रिकोणाला वारा लागत नाही. पुढचं सगळं त्या वाऱ्यासाठी.

नोव्हेंबर: पाय आणि मूठ

गवत पिवळं पडायला लागलं की बीट पायी पालथं घाला. सोबत कक्षांचा नकाशा, जीपीएस आणि त्या बीटवरचा जुना वनमजूर. जीपीएस विसरलात तर चालेल, मजूर विसरू नका. माझ्या बीटवर जे होते त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. कुठल्या नाल्यात मार्चपर्यंत पाणी टिकतं, कुठली पायवाट कुठल्या गावाच्या मोहापाशी जाते, हे नकाशात नव्हतं, मामांच्या पायात होतं.

नकाशावर आधी गेल्या तीन वर्षांत जळलेल्या जागा रंगवा. आग बहुतेक वेळा जुन्याच वाटेने येते, कारण माणसं जुन्याच वाटेने येतात. मग मोहाची झाडं, तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानाच्या, जागा, गुराख्यांच्या बसण्याच्या जागा. मग इंधन. कुसळीचं गवत कंबरेला लागतं तिथे आग धावते. सागाचा पाला साचलाय तिथे ती चालते, पण रात्रभर धुमसते. वाळलेल्या बांबूची रांजी, म्हणजे बेट, पेटली की पेरं फटाक्यासारखी फुटतात आणि ठिणग्या लांब जातात. रायमुनियाचं, म्हणजे घाणेरीचं, वेगळंच. हिरवी दिसते म्हणून फसू नका. जमिनीवरची आग ती शिडीसारखी झाडाच्या शेंड्यापर्यंत नेते.

आता मुठीची परीक्षा. सागाचं पडलेलं पान घ्या आणि मुठीत आवळा. चामड्यासारखं वाकलं तर अजून ओल आहे. पापडासारखं मोडलं तर आग धरेल. मूठ उघडल्यावर नुसता भुगा राहिला, तर त्या दिवशी जाळरेषेचं नावही काढू नका. हे सकाळी आठला करा आणि दुपारी दोनला करा, सावलीतल्या पानावर करा आणि नैऋत्येकडच्या उघड्या उतारावरच्या पानावर करा, आठवडाभर वहीत लिहा. बारीक पाला आणि गवत तासाभरात हवेशी जुळवून घेतात. सकाळी भिजल्यासारखं वाटणारं तेच पान दुपारी भुगा होतं. जाड लाकडाला मात्र दिवस, आठवडे लागतात. म्हणून जानेवारीत ओंडके पेटत नाहीत आणि मे महिन्यात विझत नाहीत.

जाळरेषा हीच शाळा

जाळरेषा म्हणजे जंगलात मुद्दाम रिकामी राखलेली पट्टी. तिच्यावरचं गवत आणि पाला आपणच आधी जाळून टाकायचा, म्हणजे हंगामात आलेली आग तिथे उपाशी मरते. कुठली रेषा किती रुंद, हे कार्य आयोजनेत, म्हणजे त्या जंगलाच्या कामाच्या आराखड्यात, लिहिलेलं असतं. त्यात काटकसर करू नका. आधी दोन्ही काठांचं गवत कापायचं, पाला आत ओढायचा, काठ मातीपर्यंत खरडून घ्यायचे. हे कंटाळवाणं काम आहे आणि सगळी सुरक्षितता त्यातच आहे. काठावर वीतभर गवताचा पूल राहिला तरी आग त्यावरून पलीकडे जाते.

पेटवायचं कधी? आम्ही दुपार कलल्यावर, चारनंतर लावतो. सकाळी लावलेली आग दिवसाबरोबर चढते, संध्याकाळी लावलेली दिवसाबरोबर उतरते. वारा पडतो, हवेत गारवा येतो, आणि तुमची चूक झालीच तर रात्र तुमच्या बाजूने असते.

पहिल्या दिवशी फक्त दहा पावलांचा तुकडा लावा आणि बाकी कोणी हलू नका, बघा. धुळीची चिमूट सोडून वारा कुठून येतो ते पाहा. वाऱ्यासोबत पळणारी कड म्हणजे आगीचं तोंड, उलट बाजूला मागे मागे सरकणारी ती शेपूट, दोन्हीकडच्या बगला. तोंडाकडच्या ज्वाळा पुढच्या गवतावर ओणवतात, त्याला आधीच भाजून ठेवतात. शेपटीकडच्या ज्वाळा जळलेल्या बाजूला झुकतात, म्हणून ती गुडघ्याएवढी राहते आणि माणसाच्या ऐकण्यात असते. जाळरेषा शेपटीने जाळायची, म्हणजे वाऱ्याच्या उलट. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पुढे वणव्यात कुठून शिरायचं हे सांगावं लागत नाही: शेपटीकडून, बगलेने, जळलेल्या बाजूचा आसरा धरून तोंडाकडे. ज्वाळा चार फुटांच्या वर असतील तर तोंडाशी जायचंच नाही. तिथे डहाळी, झोडपा, हिंमत काहीच चालत नाही. मागे सरका, पुढची पायवाट किंवा नाला धरा, तिथे रेषा काढा.

उताराचा धडा घड्याळ लावून घ्या. चढाचा एक छोटा तुकडा, चारी बाजूंनी काठ खरडून, खालून पेटवा आणि तेवढाच सपाटीवरचा तुकडा पेटवा. साधारण दर दहा अंश चढाला आगीचा वेग दुप्पट होतो असा ठोकताळा आहे. पुस्तकात वाचताना तो पटत नाही, घड्याळाकडे बघताना घसा कोरडा पडतो. उतारावरची जाळरेषा म्हणून वरून खाली जाळत यायची. आणि याच कारणाने वणव्याच्या वरच्या अंगाला, घळीत किंवा खिंडीत कधी उभं राहायचं नाही. घळ म्हणजे चुलीचं धुराडं.

आता माझी फजिती. पहिल्याच जानेवारीत मला नवाकोरा ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने पाला उडवणारं मशीन, मिळाला होता. पाठीवर घेतल्यावर आपण कोणी तरी आहोत असं वाटतं. रेषेवर एका जागी ज्वाळा जरा उंच झाल्या, मी धावत जाऊन समोरून थेट ज्वाळेवर झोत मारला. आग विझली नाही, निखारे उडाले. रेषा ओलांडून बांबूच्या रांजीत पडले, आणि पुढचा अर्धा तास आम्ही सगळे तिकडे धावत होतो. अर्धा हेक्टर गेलं. मामा रागावले नाहीत. सगळं थंड झाल्यावर माझ्याजवळ बसले, तंबाखू मळली आणि म्हणाले, “मॅडम, काडी लावाच्या आधी वाऱ्याले इचारलं. मशीन चालू कराच्या आधी कोनाले इचारलं?” मग मला त्या रांजीपाशी मध्यरात्रीपर्यंत बसवून ठेवलं. धुमसणारी बुडं मोजायला.

ब्लोअर पाला हटवायला आहे. आगीच्या बऱ्याच पुढे उभं राहून मातीपर्यंत पट्टा उघडा करायचा. आगीच्या कडेला वापरायचाच झाला तर बगलेने, झोत नेहमी जळलेल्या बाजूला. पेट्रोल भरताना मशीन थंड होऊ द्या आणि आगीपासून दूर, मोकळ्या जमिनीवर भरा. घाईत गरम इंजिनावर पेट्रोल सांडणारे मी पाहिलेत.

डहाळीचंही तंत्र आहे. तेंदू, जांभूळ, जी पानदार हिरवी मिळेल ती, चांगली लांब. डोक्यावर उचलून आपटायची नाही, ठिणग्या मागे उडतात. ज्वाळेच्या बुडावर दाबायची आणि जळलेल्या बाजूला ओढायची. दाबा, ओढा, एक पाऊल पुढे. पाच-पाच मिनिटांनी माणूस बदला. दोन माणसांत दोन डहाळ्यांचं तरी अंतर ठेवा, नाहीतर पहिला मार शेजाऱ्याला बसतो.

कपडे सुती. टेरीकॉट, नायलॉन गरम होऊन कातडीला चिकटतं, आणि आपला गणवेश कुठल्या कापडाचा आहे ते एकदा बघून घ्या. तोंडाला रुमाल बांधायचा तर कोरडा. ओला रुमाल बरा वाटतो, पण तापलेली वाफ नाकातून आत जाते आणि ती कोरड्या गरम हवेपेक्षा जास्त भाजते.

चार प

एप्रिल २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन हंगामी मजूर गेले. मी तो जिल्हा पाहिलेला आहे, तसंच जंगल, तशीच माणसं, तसाच उन्हाळा. तेव्हापासून माझ्या परिमंडळात, म्हणजे माझ्याकडच्या सगळ्या बीटांत, आगीजवळ जाण्याआधी चार गोष्टी मोठ्याने बोलून घ्यायच्या असा दंडक आहे. मूळ कल्पना अमेरिकेतल्या वणवा विझवणाऱ्यांची, शब्द आमचे: पहारा, पुकारा, पळवाट, पटांगण.

पहारा म्हणजे एक माणूस आग न विझवता उंचावर उभा राहून नुसती आग आणि वारा बघणार. नव्यांना हा माणूस वाया गेल्यासारखा वाटतो. पुकारा म्हणजे त्याचा आवाज प्रत्येकापर्यंत पोचायला हवा. मोबाइलला रेंज नसते, शिट्टी ठेवा, तीन शिट्ट्या म्हणजे सगळं टाकून निघा. पळवाट एक नाही, दोन, आणि चढाकडे जाणारी नको. पटांगण म्हणजे जिथे आग येऊच शकत नाही अशी जागा: पूर्ण जळून काळी झालेली जमीन, रुंद नाल्याची वाळू. आमच्याकडे याला पाचवा प जोडावा लागतो, पट्टेदार. पळवाटेवरच्या पाणवठ्याला वाघ बसतो की नाही हे नोव्हेंबरात बघून ठेवलेलं असावं.

हे जाळरेषेवर रोज म्हणून घ्या. हास्यास्पद वाटेल. वाटू द्या.

फोनवर आलेली आग

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांवरून आगीच्या सूचना देते. आता व्हीआयआयआरएस नावाच्या संवेदकाची सूचना थेट बीटच्या नावासकट फोनवर येते. नंबर नोंदवून घ्या. पण तो संदेश वाचायचा कसा हे कोणी सांगत नाही. त्या संवेदकाचा एक चौकोन ३७५ मीटरचा असतो आणि संदेशातला बिंदू हा त्या चौकोनाचा मध्य. तिथे जाऊन काही दिसलं नाही म्हणून परत फिरू नका, भोवती दोन-तीनशे मीटर बघा. दुसरं, हे उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. दुपारी तीनला लागून संध्याकाळी विझलेली आग त्यांना दिसतच नाही. आणि वीटभट्टी, शेतातला पेटवलेला काडीकचरा मात्र छान दिसतो. म्हणून टेकडीवर बसवलेला अंगारी, म्हणजे आगीवर नजर ठेवणारा राखणदार, अजून लागतो. तो धूर बघतो, आणि धुराचा रंगही. पांढरा धूर ओल्या पाल्याचा, काळपट धूर जोरात पेटलेल्याचा.

मोह, तेंदू आणि सभा

आपल्याकडे वणवा आभाळातून क्वचित पडतो. तो माणसाच्या हातून लागतो, बहुतेक वेळा काही कामासाठी. ते काम कोणतं हे कळल्याशिवाय गावात सभा घेऊ नका. मी सुरुवातीला १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम २६, राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरवणारं, वाचून दाखवायची. सभा एकदम शांत व्हायची. आणि एप्रिलमध्ये आग दिसली तरी एकाचाही फोन यायचा नाही.

मोहाचं घ्या. फुलं पहाटे पडतात, बाया अंधारात निघतात. झाडाखाली पाला असेल तर फूल दिसत नाही, वाघ दिसत नाही, साप दिसत नाही. त्या पाला जाळतात यात मला अडाणीपणा कधीच दिसला नाही. फक्त ती आग झाडाखालीच राहत नाही. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी मी प्रत्येक कुटुंबाबरोबर त्यांच्या झाडाला जाते. खराट्याने झाडाभोवती दहा पावलं पाला आत ओढायचा, बाहेर मातीची कडी काढायची, संध्याकाळी दोघींनी मिळून जाळायचा आणि विझवून घरी यायचं. म्हणजे पुन्हा जाळरेषाच, फक्त गोल. काही जणी झाडाखाली जुन्या साड्या, जाळ्या अंथरतात, त्यांना पालाही जाळावा लागत नाही. एका झाडाला तासभर जातो. एका वणव्याला तीन दिवस.

तेंदूचं अवघड आहे. आग लागून गेली की तेंदूच्या मुळातून कोवळे कोंब येतात, पान चांगलं मिळतं, हे खरंच आहे. तेच खुटकटाईने, म्हणजे तेंदूची झुडपं बुडाशी छाटूनही मिळतं, पण खुटकटाईला मजुरी लागते आणि काडीपेटीला दोन रुपये. भांडण इथे आहे. खुटकटाई वेळेवर आणि पूर्ण झाली त्या वर्षी माझ्याकडे तेंदूच्या जागी आगी कमी लागल्या, एवढं वहीवरून सांगू शकते. आमच्याच जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदू तोडणंच बंद केलं आणि बांबूवर भर दिला. सगळ्या गावांना ते परवडेल असं नाही. पण निर्णय गावाचा असला की आग विझवायला माणसं बोलवावी लागत नाहीत.

आग शत्रू आहे का

नवीन मुलं हा प्रश्न विचारतातच, आणि “हो” म्हणून मोकळं होणं सोपं असतं. १८६० च्या दशकात सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात पीअरसन नावाच्या अधिकाऱ्याने आग पूर्ण रोखून दाखवली आणि इंग्रजी वन विभागाने ते धोरण देशभर नेलं. पुढे ब्रह्मदेशातल्या ओलसर सागवनात आणि पूर्वेकडच्या सालवनात उलटंच घडलं. आग थांबली, खाली झाडोरा दाटला, आणि साग-सालाची नवी रोपं उगवेनाशी झाली. काही ठिकाणी विभागालाच पुन्हा काडी लावावी लागली. सागाची साल जाड असते, त्याच्या बीचं कवच कठीण, आणि त्याचं रोप वरून जळून गेलं तरी मुळातून पुन्हा फुटतं. कुसळीचं बी तर स्वतःला पीळ देत जमिनीत शिरतं आणि वरची आग निघून जाऊ देतं. हे जंगल आगीच्या ओळखीचं आहे.

पण ओळख आणि रोजचा रतीब यात फरक आहे. दरवर्षी, तेही एप्रिल-मेमध्ये जळणाऱ्या जागी फुटलेलं रोप आगीच्या उंचीबाहेर जायला वेळच मिळत नाही. लावे, तित्तर, रानकोंबडीची अंडी तेव्हाच जमिनीवर असतात. आणि मोकळ्या झालेल्या जमिनीत रानतुळस, रायमुनिया आधी शिरतात, पुढच्या वर्षी तेच इंधन होतात. म्हणून प्रश्न आग किती दिवसांनी, कुठल्या महिन्यात आणि किती उंच, असा विचारायचा. जानेवारीतली गुडघ्याएवढी आग आणि मेमधली डोक्याएवढी आग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विझल्यानंतर

ज्वाळा दिसेनाशा झाल्या की सगळ्यांना घरी जायचं असतं. इथेच थांबायचं. कडेपासून आत दहा-पंधरा मीटर प्रत्येक ठुंठ, ओंडका, वाळलेलं शेण तपासा. शेणाची गोवरी रात्रभर निखारा जपते आणि सकाळच्या वाऱ्याला देते. राखेत हात घालायचा नाही, हाताची मागची बाजू वरून धरायची, ऊब लागली तर उकरा आणि माती घाला. पोकळ झाड आतून जळत असेल तर त्याच्याखाली उभं राहू नका. आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास, ऊन चढल्यावर, परत या.

त्याच फेरीत आग कुठून लागली तेही शोधा. वाऱ्याने धावलेल्या आगीत खोडावरचा काळा डाग वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला उंच चढतो. असे दहा-बारा डाग जोडत मागे गेलात की बहुतेक वेळा एखाद्या पायवाटेपाशी, मोहाखाली नाहीतर विडीच्या थोटकाशी पोचता. मग जीपीएस घेऊन जळालेल्या क्षेत्राची कड पायी चाला आणि येईल तो आकडा लिहा. मला एकदा एका साहेबांनी “जरा कमी लिहा” सांगितलं होतं. मी लिहिलं तसं, नवीन होते. पुढच्या वर्षी त्याच कक्षात जाळरेषेला मजूर मागितले, तर उत्तर आलं, तिथे आग लागतच नाही.

शेवटचं काम जाळरेषा जळाल्यावर लगेच करायचं. जळालेल्या पट्टीत एक आणि शेजारच्या न जळालेल्या जंगलात एक, दहा मीटरचे दोन चौकोन आखा, कोपऱ्यांना दगड रचून चुना लावा. हंगामात दुसरा जळाला तर तारीख लिहा. पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, दोन्हीत सागाची, तेंदूची, रायमुनियाची रोपं वेगवेगळी मोजा, गुडघ्याखालची वेगळी आणि वरची वेगळी. तीन वर्षं एकाच जागी मोजा. जाताना पेन्सिल न्या, पेनची शाई पावसात पसरते.